माझे हात आणि लोणारचा खार

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की पुढचं सगळं जगणं एका शब्दावर टांगलेलं असतं. माझा तो शब्द बुलढाण्याच्या दवाखान्यात ठरला, आणि तो उच्चारण्याआधी डॉक्टरांनी बशीतला चहा संपवून घेतला.

"एक्झिमा," ते म्हणाले. "क्रॉनिक."

एक्झिमा म्हणजे इसब, कातडीची चिडचिड. क्रॉनिक म्हणजे मुक्कामाला आलेलं. मी मात्र दुसराच एक शब्द ऐकायच्या तयारीनं आले होते. तो आमच्या घरात कित्येक महिने कुणी उच्चारला नव्हता, आणि म्हणूनच सारखा ऐकू येत होता.

मी चिखलीला मुलींच्या शाळेत शिकवते. आदल्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या बोटांच्या बेचक्यांत खसखशीएवढे फोड आले. खाज हा कुणीच गंभीरपणे घेत नाही असा आजार आहे. छातीत दुखणाऱ्याजवळ लोक हळू बोलतात; खाजवणाऱ्याला आंघोळीविषयी विचारतात. मला निंबाचा पाला, करंजाचं तेल आणि गंधकाचा मलम सुचवला गेला. तिन्ही करून झाले. खाज तिन्हींना पुरून उरली.

थंडीत कातडी जाड होऊन भेगाळली. जुने फोड बसले, तिथे फिकट चट्टे उरले. एका संध्याकाळी सासूबाईंनी माझा हात दिव्याजवळ नेऊन ते चट्टे पाहिले आणि हात परत दिला. त्या रात्रीपासून माझी चार वर्षांची सुमी त्यांच्या अंथरुणात गेली.

"पोरगी लाथा मारते," त्या म्हणाल्या. "तुले निज नाही येत. माह्यापाशी निजू दे तिले."

मी हो म्हटलं. सुमीला जवळ घ्यायची मलाच भीती वाटू लागली होती. तिचे केस विंचरताना मी फणी टोकाला धरत असे.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पापड होतात. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे, आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन सगळ्या जमतात. पाळी ठरवतात शेजारच्या तुळसाकाकू. त्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. भिंतीपलीकडे पीठ कुटल्याचा आवाज ऐकून मी विचारलं, "काकू, आज तुमच्याकडे का?"

"तुमाले शाळा असते न बाई," काकू म्हणाल्या. "काऊन तरास देवाव म्हटलं."

शाळेला सुट्टी लागली होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मग सासूबाईंनी लोणार काढलं. "माह्या मावशीचं असंच होतं. त्या खाऱ्या पान्यानं गेलं. किडे मरतेत त्यात."

मी भूगोल शिकवते. त्या सरोवरात मासा जगत नाही, हे मीच मुलींना सांगते. तरी ह्यांना घेऊन गेले. घाबरलेला माणूस आपलं शिक्षण चपलांबरोबर काठावर काढून ठेवतो. काठावर एक गृहस्थ नारळ घेऊन पाण्याचा महिमा सांगत होते. इथे राजेलोक बरे होऊन गेले म्हणे. कोणते राजे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी कोपरापर्यंत हात बुडवले. आधी गार वाटलं; मग भेगांतून जाळ निघाला. परतीच्या एस्टीत हात इतके सुजले की बांगड्या निघेनात. मेहकरच्या स्टँडवर ह्यांनी त्या फोडल्या. सुवासिनीच्या बांगड्या फोडताना माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला बुलढाण्याला नेलं.

दवाखान्याच्या पाटीवर नव्या राज्याचं नाव ताजं होतं. रंगाखालची जुन्या दोन राज्यांची नावं अजून अंधूक दिसत होती. बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा मिळाली.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. "चट्ट्यांवर कापूस टेकवतो. लागला की सांगा."

"लागला," मी म्हणाले.

"बाई, अजून मी हात लावला नाही."

मग कापूस लागला. टाचणी लागली. गरम पाण्याची नळी गरम वाटली, गार पाण्याची गार. शेवटी त्यांनी माझं कोपर उघड्या बोटांनी चाचपलं, हात उलटा-सुलटा करून दाबला आणि हात धुऊन चहा मागवला. तो शब्द त्यानंतरचा.

"महारोग नाही ना?" मी विचारलं. शब्द शेवटी माझ्याच तोंडून निघाला.

"नाही. त्यात चट्टे बधिर होतात. आणि हा एक्झिमा दुसऱ्याला लागतही नाही."

"मला लहान मुलगी आहे."

"मग तिला जवळ घेऊन झोपा. हा मलम लावा. साबण, सोडा, खार यांना हात लावायचा नाही. लोणारच्या पाण्यात काय असतं? पापडखारच तो. पापडाला चालतो, कातडीला नाही."

"बरं होईल?"

"आटोक्यात राहील."

घरी मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी एक्झिमाकडे लक्ष दिलं नाही. "डाक्टरनं तुह्या हाताले हात लावला?"

"हो."

"मोज्याबिगर?"

"हो."

त्या उठल्या. मग झोपलेल्या सुमीला उचलून त्यांनी माझ्या अंथरुणावर आणून ठेवलं. "लाथा मारते बरं," म्हणाल्या.

तिनं मारल्या. मी मोजल्या नाहीत.

ज्यांना असं काही झालं असेल, त्यांना एवढंच सांगते: चट्टा दिव्याजवळ नेऊ नका, डॉक्टरांकडे न्या. आजार माणसाला घडवतो असं म्हणायची पद्धत आहे. मला त्यानं बोटं दिवसातून दोनदा मलमात घालायला लावली. इसब अजून आहे. हिवाळ्यात येतं, पाहुण्यासारखं राहतं. डॉक्टरांचे मात्र उपकार आहेत, मलमापेक्षा त्या उघड्या हातांचे.

पुढच्या उन्हाळ्यात तुळसाकाकू स्वतः उंबऱ्यापर्यंत आल्या. "बाई, उद्या आमच्याकडे पापड हायेत. तुमाले याच लागते."

मी गेले. खाराच्या पिठाला हात लावायची मनाई आहे म्हटल्यावर काकूंनी मला बाजेवर, सगळ्यांच्या वर, मानानं बसवलं आणि कावळे हाकायला सांगितलं. काकूंची सून वाकून माझ्या मांडीवर आपलं तान्हं ठेवून गेली. दुपारभर मी त्याला धरून बसले.

पापड तळल्यावर तांबडे निघाले. खार जास्त झाला होता.