सुकी फली की सुके फळ

हिंदी शाळेत आठवीपर्यंत शिकून मी पांढुर्ण्याहून सौसरला सासरी आले, तेव्हा माझं नाक माझ्या आधी घरात शिरलं होतं. दवाखान्यात कोणी हिंदी बोललं की सासू मला पुढे करायची आणि मी घसा खाकरायची. तेव्हाची ती शहाणी 'मी' आज मला भेटली तर मी तिला गोठा झाडायला लावीन.

धाकटी जाऊ रामाकोना गावची. पाचवा महिना, अंगात रक्त नाही. तिला बाहेर बाकावर बसवून सिस्टरने मला बजावलं, "इसको रोज़ सूखी फली खिलाओ." सिस्टर जबलपूरकडची. आमच्याकडे फल्ली म्हणजे शेंगदाणे. एवढी शिकलेली बाई शेंगदाणे कशाला सांगेल? तिला 'सूखे फल' म्हणायचं असेल, असं ठरवून मी तिचीच हिंदी दुरुस्त केली. घरी सांगितलं, खारीक-किसमिस द्या. वर पदरची अक्कल जोडली : बरबटी, म्हणजे चवळी, बंद, वात होते.

बरबटीचं पोतं घरात होतं, आमच्याच पऱ्हाटीत, कपाशीच्या ओळींमध्ये पेरलेली. आम्ही उसळ ओरपायचो आणि जाऊ तळहातावरच्या दोन खारका चघळत बसायची. एकदा तिने वाटीभर उसळ मागितली. मी म्हटलं, "राणीसारखा मेवा खाऊन राहिली अन् गड्यांचं जेवण मागते?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

महिन्याने रक्त आणखी खाली गेलं. या वेळी जाऊ माझ्याशेजारीच उभी होती. सिस्टर भडकली. किसमिसमध्ये जास्त करून साखर, म्हणाली. प्रोटीन नावाला, लोह थोडंसं. सूखी फली म्हणजे लोबियाचे दाणे, त्यात दोन्ही भरपूर, शिवाय पोटातल्या बाळाला लागणारं फोलेट. वर संत्र्याचा रस द्या, म्हणजे लोह अंगी लागेल. असंच राहिलं तर आई आणि बाळ, दोघांचंही सांगता येत नाही.

मला सगळं समजलं. सासूने विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, "म्हणते, मेवा लपवून थुंकत असेल. आता बरबटी देऊन पाहा."

घरी येईपर्यंत सासू जावेला तोडून बोलत राहिली. भर रस्त्यात, पोट धरून चालणाऱ्या बाईला. मी मागून पिशवी घेऊन चालत होते, फार सभ्य चेहऱ्याने.

त्या दिवशी उसळ मीच वाढली. जाऊ ताटाकडे पाहत म्हणाली, "लोबिया म्हणजे बरबटी. संत्रे तोडायले हिंदीवाल्या बाया यायच्या आमच्या गावी. मले समजते, बाई."

"मग तिथं बोलली काहून नाही?"

"तुमच्यापुढं माझं कोण ऐकलं असतं? वाढा आता."

मी वाढलं. चार महिने वाढत होते, वर संत्रं पिळून. माझं खोटं तिने सासूला कधी सांगितलं नाही. मीही नाही, तेवढी हिंमत आठवीपर्यंत शिकवत नाहीत.

पोरगी झाली, वजनाला कमी, पण दोघी वाचल्या. बारशाला जाऊ तिला एकेकीच्या मांडीवर देत होती. माझा नंबर आला तसे मी हात पुढे केले.

"हात धुऊन या, बाई," ती म्हणाली.

मी धुऊन आले. तोवर तिने पोरीला पाळण्यात घातलं होतं आणि सगळ्यांना सांगितलं होतं, आता कोणी उचलायचं नाही.