आलेखातली खाच खरी निघाली

मंडळी, आत्ताच मलकपेठला घरी आले आणि आधी तुम्हालाच सांगतेय.

दूरच्या आकाशगंगेतला हायड्रोजन मागून येणाऱ्या रेडिओलहरी थोड्या शोषतो. त्यामुळे आलेखात बारीक खाच पडते. आम्हाला मागे दिसलेल्या अशाच खाचेला आमचे प्रमुख सर "मोबाइलचा गोंधळ" म्हणाले होते. आज नव्या निरीक्षणात ती पुन्हा सापडली, पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्यानं सरकायला हवी तेवढीच सरकलेली! मोबाइलची असती तर अशी सरकली नसती.

सहकारी पद्मा शेजारच्या टेबलावर आपली पुस्तकं बांधत होती. आंध्र प्रदेशाची दोन राज्यं झाली, तिच्या नवऱ्याची सरकारी नोकरी उरलेल्या आंध्रात गेली. उद्या ती विजयवाड्याला निघतेय. माझ्या संगणकाच्या पडद्याकडे बघून म्हणाली, "अरे, ये तो वहीच है!"

"शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं. खाच तूच आधी पाहिलीस," मी म्हटलं.

"मैं तो जा रही हूँ."

"नाव कुठं जातंय?"

ती रडली. मग दोघींनी मिळून पुस्तकं बांधली.

तुमचं कुणी असं दूर गेलं, तरी काम सोबत चालू राहिलं का?