काटा न मारता दाढी

…तर तो तसाच दुकानाच्या पायरीवर उभा. एक पाय आत, एक बाहेर. मी पाठीत हलकंच ढोसलं, "अरे, चल की आत. रेझर घ्यायला आलोय आपण, वाघ नाही."

"जरा थांबा, आजोबा," म्हणाला.

हे 'जरा थांबा' त्याच्या जिभेवरच असतं. माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. वजनकाटे दुरुस्त करतो म्हणून सगळी इमारत त्याला काटेवालाच म्हणते. वाण्याचा तराजू असो, की औषधवाल्याचा काचेच्या पेटीतला नाजूक काटा असो, याच्या हाताखालून गेला की त्यानं खोटं बोलायची सोय नाही. पण स्वभाव असा धास्तावलेला, की दाराला कुलूप लावणार, ओढून बघणार, जिना उतरणार, आणि परत वर येऊन ओढून बघणार. तोंडावर भरघोस दाढी. "मला शोभते," असं सांगायचा. त्याच्या बायकोनं मात्र मला खरं सांगून टाकलं होतं, "शोभतेय कसली, आजोबा! पात्याला घाबरतात. मिसरूड फुटल्यापासून गालाला पातं लागलेलं नाही."

असला माणूस सेफ्टी रेझर घ्यायला निघाला, तो स्वतःसाठी नव्हेच. बापासाठी.

बाप म्हणजे मोठ्या हॉटेलच्या दारावर जन्म काढलेला माणूस. कडक इस्त्रीचा कोट, आणि गाल असे गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. घरी आला की मुलाच्या दाढीवर घसरायचा. "हा चेहरा आहे की पायपुसणं?" "आरशात बघताना दार वाजवतोस का रे, आत कोण आहे विचारायला?" मुलाची दाढी जागच्या जागी.

आणि मग त्या बापाला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, तोंड एका अंगाला ओढलं गेलं, बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मोजकेच शब्द उरले होते. पाणी, नको, आणि दाढी. मुलगा पलंगाशी वाकला की डोळे त्याच्या तोंडावर रोखून म्हणायचे, "दाढी… दाढी."

दवाखान्यात त्यांचे खुंट हे एवढाले वाढलेले. मुलाला वाटलं, बरोबर आहे, रोज दाढी करणारा माणूस, दुसरं काय मागणार? न्हाव्याला घरी बोलावलं, तर परक्यानं वाकडं तोंड बघू नये म्हणून म्हाताऱ्यानं चादर डोक्यावरून घेतली. विजेचं मशीन आणलं, तर त्याची घरघर कानाशी आल्याबरोबर अंगाला कापरं भरलं. त्यानंतर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. हाताचा व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या, त्यांच्याकडेसुद्धा वळेनात. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "हे दिवस हातचे घालवू नका. आत्ता हात हलला नाही, तर पुढं हलेल याची खात्री नाही."

"आणि दाढी?" यानं विचारलं.

"करा, पण जपून. रक्त पातळ करायचं औषध चालू आहे. कापलं तर लवकर थांबायचं नाही."

आता सांगा! एकीकडे भिंतीकडे वळलेला बाप, दुसरीकडे न थांबणारं रक्त, आणि मध्ये हा कुलूप दोनदा ओढून बघणारा. माझ्याकडे आला, कारण मी आयुष्यभर सेफ्टी रेझरनंच दाढी करत आलोय. आल्या आल्या म्हणाला, "आजोबा, सगळ्यात कमी कापणारा कुठला?"

म्हणून मग ते दुकान. दुकान चालवणाऱ्या बाई मोठ्या तोंडाळ. दाढीच्या सामानावर त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. त्यांनी काउंटरवर एक कापड अंथरलं आणि रेझर मांडत गेल्या. एकाच्या डोक्याला कंगव्यासारखे दात, एकाची कड बंद, एकाची मूठ पिळली की पाकळ्या उघडायच्या, एकाच्या मानेला आकड्यांची फिरती कडी.

"मवाळ हवा की जहाल?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"पातं किती बाहेर डोकावतं त्यावर असतं. हा दातांचा जहाल. हा बंद कडेचा मवाळ."

"मग सगळ्यात मवाळ द्या."

"सगळ्यात मवाळ घेतलात तर राठ खुंटावरनं नुसता घसरेल. मग एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवाल आणि कातडी सोलवटून ठेवाल. मवाळाला मवाळ म्हणून भुलू नये, मालक. घरी नवरा आहे माझा, मला विचारा."

मी मोठ्यानं हसलो. हा हसला नाही. याच्या कपाळावर घामाचे मणी. कडीवाला उचलून म्हणाला, "यात आकडा लावता येतो, हे बरं आहे." लगेच खाली ठेवला. "पण दाढी करता करता आकडा सरकला तर?" पाकळ्यांचा उचलला. "मध्येच उघडल्या तर?" लांब मुठीचा उचलला. "दुसऱ्याच्या गालावर चालवायचाय, हात लांब राहिला तर अंदाज येईल का?" बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे गिऱ्हाईक कुठल्या कारखान्यात बनतं?

शेवटी वैतागून त्या म्हणाल्या, "हे बघा, रेझर कुठलाही घ्या, कापतो तो तुमच्या हाताचा दाब. नवशिके सगळे दाबतात. दाबायचं नाही. त्याचं त्याला वजन असतं, तेवढ्यावर त्याला चालू द्यायचं."

यानं मान वर केली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे काटा मारायचा नाही."

आता वाण्यानं पारड्याला बोट लावून वजन फुगवलं की आपण म्हणतो, काटा मारला. असले मारलेले काटे पकडण्यात याची हयात गेलेली! त्यानं एकेक रेझर आडवा करून बोटावर तोलायला सुरुवात केली. कुठल्याची मूठ खाली जाते, कुठल्याचं डोकं. बाई म्हणाल्या, "अहो, सोनं घेताय का?" पण त्याचं चाललंच होतं. शेवटी बंद कडेचा, आखूड मुठीचा, डोक्याकडे जरासा जड, असा मधल्या स्वभावाचा एक त्याच्या बोटावर ठरला. "हा," म्हणाला. इतक्या वेळात मी त्याला एवढा एकच शब्द खात्रीनं बोलताना ऐकला.

रेझर झाला, पण हाताचं काय? मी सांगितलं, "पोहणं आधी आपण शिकावं, मग दुसऱ्याला पाण्यात उतरवावं. पहिली दाढी स्वतःची."

तो दाढीला हात लावून बसला. "सगळी?"

"मग काय, अर्धी ठेवून फिरतोस?"

माझ्याच घरी, माझ्याच आरशासमोर कात्रीनं आधी झुडूप उतरवलं. पातं बसवताना बाजूची धार बाहेर असते, म्हणून टोकांना धरायचं, एवढं मी दाखवलं. गरम पाणी, साबणाचा फेस, आणि खुंट ज्या दिशेला पडलेत त्याच दिशेनं पातं. गालावर बरा चालला. हनुवटीशी आला, भ्याला, आणि भ्याल्याबरोबर बोट दाबलं गेलं. फेसात लाल ठिपका. मी तुरटी लावली, थांबलं. पण त्याचा चेहरा पांढराफटक. "माझं थांबलं, आजोबा. त्यांचं थांबलं नाही तर?"

रेझर पुसून, कापडात गुंडाळून वर गेला. त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?" ती खरंच फसली की चेष्टा करत होती, ते तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. बापाच्या खोलीत मात्र तो गेलाच नाही. बायकोच्या हाती खिमट पाठवलं, आणि स्वतः बाहेरच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला गाठलं. "तुझी कातडी ताठ. बापाची माझ्यासारखी, सुरकुत्यांची. माझ्या गालावर शीक."

खुर्चीत बसलो. त्यानं फेस लावला, डाव्या बोटांनी माझा गाल वरच्या बाजूला ताणला, आणि पातं ठेवलं. मला तेवढ्यात आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी आठवले, त्यांच्या मिशीची एक बाजू कायम जास्त कापलेली असायची, म्हणून मी सांगायला लागलो…

"जरा थांबा, आजोबा. तोंड बंद."

या वयात मला असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती! पण मी तोंड मिटलं. तो श्वास धरून काम करत होता. काट्याच्या पेटीसमोर फुंकर लागू नये म्हणून धरतो ना, तसा. पातं गेलेलं कळलंसुद्धा नाही. गाल जसाच्या तसा, रक्ताचा एक ठिपका नाही. मी म्हटलं, "आता वर चल."

सकाळची वेळ होती. खिडकीतून उजेड पलंगावर आलेला. बाप भिंतीकडे तोंड करून. हा हातात फेसाची वाटी घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा."

म्हाताऱ्यानं नुसती नजर वळवली. मग मान. मग खांदा. मुलाच्या उघड्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिला. डावा हात वर आला, मुलाच्या हनुवटीवरून हळूहळू फिरला, त्या कालच्या जखमेपाशी थबकला, आणि ओढलेल्या तोंडाच्या अर्ध्या भागातून एक आवाज निघाला. हसू होतं ते.

"दाढी," म्हणाले.

मुलगा गुडघ्यावर बसला. गरम पाण्याचा रुमाल, मग फेस. डावा गाल निर्वेध झाला. उजवा लुळा, पातं गेलं की कातडी त्याच्यामागं जायची. खोलीत खर्र, खर्र एवढाच आवाज. ओठाच्या कोपऱ्याशी फेसात गुलाबी रेघ उमटली. माझ्या तर अंगावर काटा आला. सूनबाईनं तोंडावर पदर धरला.

"जरा थांबा," तो आम्हाला म्हणाला. कापूस टेकवला आणि उचलून बघितला नाही. कुलूप दोनदा ओढणारा माणूस, पण कापूस एकदाही उचलला नाही. काटा ठरेपर्यंत पारड्याला हात लावायचा नसतो, तसा बसून राहिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग कापूस काढला. रक्त थांबलं होतं.

बापानं आपणहून मान वर केली आणि गळा पुढं केला.

व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा म्हाताऱ्याचं तोंड खोलीकडे होतं.

पण मला एक गोष्ट राहून राहून टोचत होती. एवढे दिवस मुलाच्या तोंडाकडे बघून 'दाढी, दाढी' करत होते, ते स्वतःची करा म्हणून, की तुझी काढ म्हणून? परवा जिन्यात काटेवाला भेटला. गाल चकचकीत, हातात तुरटीचा नवा खडा. मी विचारलंच, "काय रे, ते दाढी म्हणायचे ती कुणाची? तुझी की त्यांची?"

तो जिन्यातच उभा राहिला आणि म्हणाला, "ते मला अजून कळलेलं नाही, आजोबा. पण रोज सकाळी आधी माझ्या हनुवटीवरून हात फिरवून तपासतात, मगच स्वतःची मान वर करतात. आणि आज फिरवला तो हात उजवा होता."