बेंचवरचं नाव

मंडळी, सकाळपासून डोकं भणभणून राहिलं आहे, म्हणून लिहून टाकते.

पुरानी बस्तीतल्या आमच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत म्हातारी माणसं पायरीवर बसतात. एका बेंचसाठी मी शंकर नगरातल्या एका मोठ्या शोरूमच्या चार महिने चकरा मारल्या. धंदेवाल्यांनी मोहल्ल्यासाठी काही करावं, हे मलेच फार वाटते न!

आज बेंच आला. सिमेंटचा, मजबूत. पाठ टेकायच्या जागेवर लाल अक्षरात शोरूमचं नाव.

शेजारच्या सुमनकाकू गुडघे धरत सगळ्यात आधी बसल्या. "बरं झालं व माय," म्हणाल्या. मले भरून आलं.

तेवढ्यात शोरूमच्या मॅनेजरनं मोबाईल काढला. "माताजी, ज़रा उठ जाइए. नाम छिप रहा है."

काकू उठल्या. मग फोटोच फोटो. बेंचचे, मॅनेजरचे, हात जोडून उभ्या असलेल्या माझेही. तेवढा वेळ काकू भिंतीले धरून उभ्या होत्या, अन् मी मॅनेजरले एक शब्द बोलली नाही. पुढं मले त्यायच्याकडूनच दवाखान्यासाठी पाण्याची टाकी मांगायची होती.

त्यायची गाडी गेल्यावर मी म्हटलं, "काकू, बसा आता."

काकू पायरीवर जाऊन बसल्या. "राहू दे पोरी. काहून उगाच कोणाचं नाव झाकायचं?"

मी निघाली तेव्हा पायरीवर सहाजण होते. बेंच रिकामा. नाव दुरूनही साफ दिसत होतं.

सांगा, टाकी मांगू का?