गोधडीच्या कोपऱ्यातले तांदूळ

पौषातलं कोवळं ऊन, नुकत्या रचलेल्या पेंढ्याचा गोडसर गंध आणि ओटीवर जुन्या लुगड्यांच्या घड्या पसरून सुईत दोरा ओवणारी मावशी. मुरबाडच्या या अंगणात मी सुखरूप परतले आहे खरी, पण चित्त मेलं अजून त्या दूरदेशीच्या छावणीत, निळ्या ताडपत्रीखालच्या दमट उजेडात घुटमळतं आहे.

मी शहापूरला नर्स. युद्धाने घरंदारं हिरावलेल्या माणसांच्या शुश्रूषेसाठी स्वयंसेवक हवेत असं कळलं, तेव्हा दिवाळी सरताच रजा टाकून निघाले. तिथल्या एखाद्या बाळासाठी म्हणून मावशीने एक इवलीशी गोधडी माझ्या सामानात कोंबली. शेवटचा कोपरा शिवण्याआधी तिने त्यात चिमूटभर तांदूळ घातले होते; आमच्याकडे गोधडी उपाशी ठेवत नाहीत.

“अगं, किडे होतील!” मी करवादले.

“तुजी नर्सगिरी दवाखान्यात. उपाशी गोधडीला ऊब येत नाय गो.”

ती गोधडी ज्या बाळाला मिळाली, ते पळापळीत, वाटेतच, दिवस भरण्याआधी जन्मलेलं होतं. त्याची आई अगदी कोवळी पोर. भुकेने आणि भयाने तिचं दूध आटलेलं. बाळाला तिच्या उघड्या छातीशी बांधून वर गोधडी लपेटायची, चमच्याने थेंब थेंब दूध पाजायचं आणि त्या मूठभर जिवाचा श्वास ऐकत बसायचं, एवढंच आमच्या हाती होतं. ती कुणाशी बोलत नसे. गोधडीचा तो कोपरा मात्र सतत चाचपत राही. एका दुपारी तिने दुभाषी मुलीकरवी विचारलं, इथे टोचतंय ते काय? मी सांगितलं. ती पहिल्यांदाच हसली आणि म्हणाली, माझ्यापेक्षा ही बरी, हिच्यापाशी लेकराला द्यायला काहीतरी आहे.

बाळ राहिलं नाही. धुकं विरत असताना चमच्यातलं दूध त्याच्या ओठांवरून ओघळलं, ते आत गेलंच नाही. इतकी वर्षं नोकरी केली, पण त्या सकाळी मी सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. छावणीत पांघरुणांची वानवा होती. एकाचं धुऊन दुसऱ्याला द्यावं लागे. म्हणून, जड हाताने का होईना, मी गोधडीसाठी हात पुढे केला. त्या पोरीने ती दिली नाही. बाळाला गोधडीत गुंडाळताना तिची बोटं चारी कोपरे चाचपत फिरली, तांदळाच्या कोपऱ्यापाशी थांबली, आणि तो कोपरा तिने त्याच्या गालाखाली सरकवला.

“तोंडापाशी राहू दे म्हणते,” दुभाषी मुलगी खालच्या आवाजात म्हणाली.

मी हात मागे घेतला.

“बाळाला ऊब लागली ना गो?” मी आल्या आल्या मावशीने विचारलं होतं. लागली, म्हटलं. पुढचं कधी सांगेन, सांगेन की नाही, देव जाणे. आता ती तसलीच दुसरी गोधडी शिवते आहे, कुठल्याशा दुसऱ्या बाळासाठी. शेवटचा कोपरा उरला, तशी तिने सुपातले तांदूळ चिमटीत घेतले.

“मूठभर घाल,” मी म्हटलं.

“आं? आन् किडे?” मावशी मला चिडवत हसली, आणि मी पेंढ्याच्या उडवीकडे तोंड फिरवलं.