कार्ड बोलेल

"तुम्ही गप्प बसा, कार्ड बोलेल." आमच्या छापखान्याचे टाइमकीपर एवढंच म्हणायचे आणि नाकावरचा चष्मा वर सारायचे. साक्षात ब्रह्मदेव उशिरा आला असता तरी त्याला हेच ऐकावं लागलं असतं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं रत्न असेलच. बाहेर इंग्रजांचं राज्य होतं, फाटकाच्या आत यांचं. मालकांनी मुंबईहून हजेरीचं विलायती घड्याळ आणलं होतं. त्याच्या फटीत आपलं कार्ड सरकवायचं, दांडा दाबायचा, की टणकन घंटा व्हायची आणि कार्डावर वेळ उमटायची. भोंग्याआधी आलात तर निळी, नंतर आलात तर लाल. लाल शिक्के फार झाले की घरी बसा.

एकदा आमच्या नाशकात गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला. मी पंचवटीतून कमरेइतक्या पाण्यातून धडपडत आलो. तर म्हणतात कसे, "पूर कार्डावर दिसत नाही." धन्य ती माउली, जिनं हे लेकरू वाढवलं!

बाइंडिंगमधले इस्माईलभाई आजारी बायकोचं सगळं उरकून धावत यायचे. त्यांच्या कार्डावर निळं शोधावं लागे. आणखी एक लाल शिक्का पडला तर नोकरी गेली, असं मालकांनी बजावलं होतं.

"काटा जरा मागं घ्या ना साहेब, किल्ली तुमच्याकडंच हाय," इस्माईलभाईंनी हात जोडले.

"माणूस खोटं बोलतो, यंत्र नाही!"

झालं. तेव्हापासून इस्माईलभाई फाटक उघडायच्या आधीच येऊन उभे राहू लागले.

मग खंडेनवमी आली. आम्ही आपापल्या यंत्रांना बोटभर कुंकू लावलं, झेंडू वाहिला. यांचं मात्र एवढ्यावर कसं भागणार? यांनी घड्याळाला कुंकवाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं आणि नारळही त्याच्याच लोखंडी डोक्यावर फोडला. ते लाल पाणी थेट आतल्या शाईच्या फितीत मुरलं.

दसऱ्यानंतर सगळे वेळेवर आले, तर वेळेचे आकडे फिसकटलेले आणि सगळ्यांचीच कार्डं लाल! इस्माईलभाई भिंतीला टेकून खालीच बसले.

मालक कार्डं चाळत म्हणाले, "सोनं लुटून दमलात वाटतं! इस्माईल, तू उद्यापासून येऊ नकोस."

आम्ही टाइमकीपरांकडे पाहिलं. वाटलं, आता ऐकवणार, कार्ड बोललं म्हणून. ते चष्मा वर सारायलाही विसरले होते.

"मालक, यंत्र खोटं बोलतंय," ते कसेबसे म्हणाले. "मीच बिघडवलं ते. नारळ मी फोडला. मी फाटक उघडलं तेव्हा हा माणूस दारात उभा होता."

मालकांचा त्या घड्याळावर पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव. इस्माईलभाईंची नोकरी राहिली आणि दुपारच्या आत टाइमकीपरांची गेली. ज्या माणसाला मी रोज मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याचे त्या दिवशी पाय धरावेसे वाटले. छत्री काखोटीला मारून ते निघाले, तेव्हा इस्माईलभाई लहान पोरासारखे रडत होते.

टाइमकीपरांचं स्वतःचं कार्ड बरेच दिवस खणात तसंच होतं. मी एकदा काढून पाहिलं. वरपासून खालपर्यंत निळंच निळं, शेवटचा शिक्का तेवढा लाल. आणि त्या दिवशी फाटक त्यांनीच उघडलं होतं.