वहिनीच्या लाटण्याचं पेन

सकाळी अकराला अश्विनीचा फोन आला आणि मला तो उचलवेना. माझा थोरला भाऊ, अरविंददादा, हृदयाच्या ऑपरेशननंतर दोन दिवस अतिदक्षता विभागात होता. अश्विनी त्याची मुलगी. वाजून वाजून फोन थांबला, पुन्हा वाजला; मग उचलला. "आत्या, बाबा गेले..." एवढंच ती म्हणाली. याला आता पाच आठवडे झाले.

दादा मरोळच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, यंत्रांची हत्यारं घडवायच्या कामावर होता. निवृत्त झाल्यावर त्यानं दिंडोशीच्या घरी बाल्कनीत कातकामाचा छोटा लेथ बसवला आणि लाकडी पेनं करू लागला. लाकडाला आरपार भोक पाडायचं, त्यात पितळी नळी चिकटवायची, बाहेरून कातून पॉलिश करायचं. इथवर तो गुणगुणत असायचा. शेवटी आतले भाग बसवताना मात्र कुणी बोललेलं खपायचं नाही. टोक, रिफिल फिरवणारा भाग, क्लिप... सगळं वाइसच्या लोखंडी जबड्यांत धरून, मूठ फिरवत दाबून बसवायचं. जरा तिरकं गेलं की लाकूड चिरतं, पॉलिशचा टवका उडतो. "इथे मागे फिरता येत नाही, माले," म्हणायचा.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी त्यानं मला पार्ल्याहून बोलावून घेतलं. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचं शिसवी लाटणं कातून त्यानं अश्विनीसाठी पेन घडवलं होतं. आतले भाग तेवढे राहिले होते.

"तू दाब," तो म्हणाला.

मला वाटलं, गंमत करतोय. त्यानं हात पुढे केले. थरथरत होते. "हे आजारानं नाही गं. घाबरलोय."

आमच्या घरात घाबरट मी. पालीपासून परीक्षेपर्यंत सगळ्याला घाबरून मी त्याच्या मागे लपायचे. आता तोच घाबरला होता. त्यानं वाइसच्या जबड्यांना चामडं लावून दिलं. "सरळ धर. पाव फेरा फिरव, थांब, बघ. मग पुढचा." टोक नीट बसलं. फिरवणारा भाग घेतला. पाव फेरा, अजून पाव... आणि बारीकसा 'टक्' आवाज आला. मी डोळेच मिटले.

"दादा, वाट लागली रे..."

"डोळे उघड आधी."

तोंडाशी केसासारखी चीर गेली होती. मला रडूच फुटलं. दुसरं लाटणं कुठून आणणार होते मी? तो ओरडला नाही. "नळीत गोंदाचा खडा राहिला होता. मीच नीट खरवडला नाही." मग चिरेत पातळ गोंद सोडून त्यानं त्याच लाकडाचा भुसा चोळला, बारीक काचकागदानं घासलं, पुन्हा पॉलिश चढवलं. अर्धा तास त्याचे हात अगदी स्थिर होते. पेन खाली ठेवलं आणि पुन्हा थरथरायला लागले.

"क्लिपही तूच बसव."

"मी? परत?"

"मग कोण?"

बसवली. संध्याकाळी अश्विनी घरी आल्यावर चीर कुठे आहे हे त्यानं तिला स्वतः दाखवलं आणि मग पेन तिच्या हातात दिलं.

ऑपरेशनच्या दिवशी त्याला आत नेताना मी उसनं हसत होते. त्यानं माझं मनगट धरलं. "माले, भीती वाटते गं." काही होणार नाही, असं म्हणायला हवं होतं. तोंडून निघालं, "मलाही रे दादा." त्यानं मनगट जरा घट्ट दाबलं, मग सोडलं...

रविवारी मी दिंडोशीला अश्विनीकडे जाते. बाल्कनीत त्यानं नळ्या चिकटवून, कातून ठेवलेली सात पेनं अर्धवट पडून आहेत. चार रविवार आम्ही दोघी त्यांच्याकडे नुसत्या बघत चहा प्यायलो. गेल्या रविवारी अश्विनीनं एक उचललं, नळीचं तोंड कापसानं पुसलं आणि उजेडाकडे धरून बराच वेळ आत पाहिलं.

"आत्या, मी फिरवते. तू सरळ धर."

तिनं वाइसची मूठ हातात घेतली. मी धरलं.